कूस

दक्षिण आल्बर्टात रस्ता वळायचंच विसरून गेलेला.
त्याच्या उजव्या हाताला सतराशे एकर
काळसर निळ्या काचा,
डाव्या हाताला ओरिसिया ह्नातियुकचं घर,
दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, सीटवर मांजर.

सकाळी काचा पूर्वेकडे तोंड करून उभ्या.
दर चारेक मिनिटांनी बारीक कुरकुर,
मोटारी किंचित फिरतात,
म्हातारीच्या गुडघ्यांसारख्या. हे तिचंच म्हणणं.
दुपारी सगळं शेत आडवं,
संध्याकाळी पश्चिमेकडे.
सूर्यफुलंच लावायची तर खरी लावा की,
असं ती पहिल्या वर्षी म्हणाली होती. आता म्हणत नाही.

मेंढ्या आहेत, तीनशे.
गवताची सावली काचेवर पडू नये म्हणून
कंपनीनं भाड्यानं आणलेल्या.
काचेच्या सावलीत बसतात,
सावली सरकली की उठतात,
दोन पावलं जाऊन पुन्हा बसतात.

इन्व्हर्टरजवळच्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली
तेव्हा देखभालीवरच्या शेल्बी यंगपाइननं
भोवती तीन नारिंगी शंकू ठेवले
आणि पुठ्ठ्यावर लिहिलं,
ट्रक पलीकडून न्या, घरात बाळंतीण आहे.
कॅल्गरीच्या साहेबानं ते वाचलं,
काही बोलला नाही,
पलीकडून गेला.

एकोणीस जुलै. चार वाजता
पश्चिमेला आभाळ हिरवं झालं.
हा हिरवा ओरिसियाच्या ओळखीचा.
गवताचा नव्हे,
मुका मार बरा होताना
कातडीवर उमटतो, तो.

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टातही हाच होता.
मिकोला अंगणात उभा, टोपी हातात,
समोर कापणीला अकरा दिवस उरलेला गहू.
सात मिनिटं.
मग विमेवाला आला,
तारेचं कडं जमिनीवर टाकून
आतल्या मोडलेल्या काड्या मोजत बसला,
एक्क्याण्णव, ब्याण्णव.
मिकोला त्याच्याशेजारी उकिडवा,
न मोडलेल्या मोजत.
त्याचं मोजून लवकर झालं.

आज कुठंतरी, तीन तासांच्या अंतरावर,
खुर्चीतल्या कुणीतरी कळ दाबली
आणि सतराशे एकर
एकदम कुशीवर वळले.
शाळा सुटताना बाकं सरकतात,
तसा आवाज, रांगेमागून रांगेचा.
काचा जवळजवळ उभ्या, वाऱ्याकडे पाठ,
रुसलेल्या माणसासारख्या.

मेंढ्यांचं छप्पर त्याच क्षणी गेलं.
त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

पहिली गार ट्रॅक्टरच्या पत्र्यावर वाजली.
शेल्बी हेल्मेट घालून ट्रकमध्ये, हॉर्नवर हात,
कळप कुंपणाशी गोळा होऊन गोल गोल फिरतोय,
आणि समोरून ओरिसिया,
डोक्यावर कणीक मळायची परात,
रस्ता ओलांडून कोठाराचं दार ओढते आहे.
ते दार पन्नास वर्षांत
एवढं सताड उघडलं नव्हतं.
आत मावतील तेवढ्या गेल्या.
उरलेल्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या,
तोंडं भिंतीकडे.

अक्रोडाएवढ्या. नऊ मिनिटं.

नंतर वाफाळलेल्या शांततेत
शेल्बी रांगांतून फिरून आली.
एकवीस, म्हणाली. दोन लाखांत एकवीस.
कानशिलावर तिच्या ओरखडा होता, तिला माहीत नव्हतं.
ओरिसियानं पदार्थ थापल्यासारखी
परातीतली पोचं अंगठ्यानं चाचपली.
गव्हाला मान होती,
ती म्हणाली, कूस नव्हती.
कुणाला म्हणाली, कळलं नाही.
शेल्बी तिच्या मागं पाहत होती,
आडव्या पडलेल्या नारिंगी शंकूकडे.

टिटवी जागेवरच होती.
पंख थोडे पसरलेले, पाठ भिजून काळी,
खाली किती आहेत ते दाखवायला तयार नव्हती.
त्यांनीही उठवलं नाही.

सहाच्या सुमारास ऊन आलं.
काचा कुरकुरत पश्चिमेकडे वळल्या,
जणू मधलं काही झालंच नव्हतं.
मेंढ्या मात्र कोठारातून निघेनात.
जुन्या फळ्यांच्या भेगांत
कधीचा तरी गहू अडकलेला,
त्या चाटून चाटून तो काढत होत्या.
राहू दे, म्हातारी म्हणाली,
आणि दाराला दगड लावला.